पुलाखालचा प्रवासी

पूल म्हटले की आपल्या मनात एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणारी वाट उभी राहते. त्याच पुलाखालून, त्या वाटेला छेद देत, पाण्याचीही एक वाट जाते, याचे भान आपल्या राज्यकर्त्यांना आणि अभियंत्यांना क्वचितच असते. पुलाचे भूमिपूजन होते, उद्‌घाटन होते, त्यावरून पहिली मोटार कोणाची गेली याची छायाचित्रे निघतात. खालून जाणाऱ्या नावाड्याला मात्र कोणी विचारीत नाही, की बाबा रे, तुझे डोके वर आपटणार तर नाही ना? पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आज हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

आधी बारामतीचा न्याय करू. बारामती शहरातून नीरेचा डावा कालवा वाहतो आणि पुढे इंदापूर तालुक्यात शिरतो. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर हाती घेतलेले हे काम १८८५च्या सुमारास उपयोगात आले. त्या काळात सर आर्थर कॉटन हे अभियंते, हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा नौकानयनाचे कालवे अधिक हितकर ठरतील, असा आग्रह धरून होते. मद्रास इलाख्यातील कर्नूल-कडप्पा कालवा तर होड्या चालाव्यात म्हणून पाणकुलुपांसह बांधला गेला. नीरेच्या कालव्याचा हेतू वेगळा होता. त्याला रान भिजवायचे होते, नौका वाहायच्या नव्हत्या. म्हणून त्यावरचे पूल बैलगाडी ओलांडण्यापुरते असले तर त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. जिथे नाव जाणारच नाही, तिथे पूल ठेंगणा असणे हा शहाणपणाच होय.

इंदापूरला ही सबब लागू पडत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील सुपीक काठ पाण्याखाली गेला. गावे उठली, रस्ते बुडाले आणि समोरासमोरची गावे एकमेकांना पारखी झाली. कुगावच्या माणसाला इंदापूरच्या बाजारात यायचे तर टेंभुर्णीचा नाही तर भिगवणचा मोठा वळसा घ्यावा लागे. पाण्यावरून मात्र समोरचा काठ डोळ्यांना दिसतो. साहजिकच तिथे होड्या आल्या, त्यांना इंजिने बसली, लाँच आल्या. मासेमार आले, भिगवण आणि कुंभारगावला रोहित पक्षी पाहण्यासाठी शहरांतून माणसे येऊ लागली, तीही होडीतच बसू लागली. आता जलपर्यटनाच्या योजना जाहीर होत आहेत. छप्पर असलेल्या, दुमजली मोटरबोटींची स्वप्ने रंगविली जात आहेत. ज्या जलाशयावर रोज माणसे वाहिली जातात, तो जलमार्ग आहे. कागदावर त्याला काय म्हणतात, हा प्रश्न वेगळा.

आता पुलाखालून मोटरबोट नेणे म्हणजे काय, ते पाहू. समुद्रकाठच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वसईच्या खाडीत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की भरतीला पूल खाली येतो आणि ओहोटीला वर जातो. पूल जागचा हलत नाही. हलते ते पाणी. खाडीतली ही भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते, म्हणून ती अंगवळणी पडते. उजनीची भरती वर्षातून एकदा येते. पावसाळ्यात जलाशय भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा संपतो तेव्हा ती ४९१.०३ मीटरवर उतरते. म्हणजे ५.८० मीटरचा, जवळजवळ दोन मजल्यांचा फरक झाला. २०२४च्या उन्हाळ्यात तर साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. वैशाखात ज्या पुलाखालून छपराची लाँच डौलात गेली, तीच लाँच भाद्रपदात त्याच पुलावर आदळू शकते. आणि भाद्रपदात जिथे भरपूर खोली होती, तिथे वैशाखात बुडालेल्या गावाची भिंत तळाला घासू शकते. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते, ते पाहायला लोक गर्दी करतात. पण असे किती चौथरे अर्ध्या पाण्यात दडून असतात, ते नावाड्यालाच विचारावे.

याखेरीज बोटीचेही स्वतःचे गणित असते. भरलेली बोट पाण्यात खोल बसते, रिकामी बोट वर तरंगते. तीस उतारू घेऊन पुलाखालून सुखरूप गेलेली लाँच परतताना रिकामी असली तर तिचे छप्पर घासू शकते. वेग वाढविला की पुढचे टोक उचलले जाते. कमानीच्या पुलात उंची फक्त मध्यावर असते. जरा बाजूला सरकले की दगड टपावर येतो. डिकसळचा पूल आठवावा. १८५८ साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग डिकसळपर्यंत पोहोचला. पुढे भीमा ओलांडण्यासाठी बांधलेला तो पूल, धरणामुळे लोहमार्ग हलविल्यावर, मोटारींच्या कामी आला. तो बांधणाऱ्यांनी वाहत्या नदीचा विचार केला होता. शतकाहून अधिक काळानंतर त्याच्या पायाशी जलाशय येऊन उभा राहील, हे त्यांना कसे कळावे?

त्यांना क्षमा आहे, आपल्याला नाही. आपल्या रस्तेपुलांच्या मानकानुसार मोठ्यात मोठ्या नदीवरही महापुराच्या पातळीपासून पुलाच्या तळापर्यंत किमान दीड मीटर जागा मोकळी राहिली की पुरते. ही जागा वाहून येणाऱ्या ओंडक्यांसाठी आणि झाडांसाठी आहे. जिथे जलवाहतूक मान्य असते तिथे नौकांच्या उंचीचा वेगळा विचार करावा लागतो. सारी ग्यानबाची मेख इथे आहे. जलाशयाला जलमार्ग म्हटले की पूल उंच करावा लागतो, फलक लावावे लागतात, माणूस नेमावा लागतो. म्हणून म्हणायचेच नाही! शिरसोडी ते कुगाव असा मोठा पूल आता मंजूर झाला आहे. तो व्हावा, लवकर व्हावा, ही त्या काठांची रास्त मागणी आहे. पण त्या पुलाच्या आराखड्यात ओंडक्याइतकी तरी किंमत नावाड्याला मिळाली आहे काय, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे: ‘पूल झाला की होड्यांची गरजच काय?’ हे उत्तर वरवर बिनतोड आणि मुळात घातक आहे. एक पूल दोन गावे जोडतो. जलाशयाच्या काठी गावांची रांग आहे. मासेमार पुलावरून जाळे टाकणार नाही, पक्षी पाहणारा पुलावर खुर्ची टाकून बसणार नाही. शिवाय याच ‘उद्या पूल होणार’ या आशेने आजच्या होडीकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आपल्याला दिली. २०१७च्या एप्रिलअखेरीस अजोतीजवळ होडी उलटून चार डॉक्टर बुडाले. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्यांत दोन चिमुकली होती. या बोटी पुलाला धडकल्या नव्हत्या, हे खरे. पण जी व्यवस्था बोटीला तात्पुरती अडचण मानते, ती तिला जीवरक्षक कवचही देत नाही आणि पुलाखालून सुरक्षित वाटही देत नाही. दोन्ही उपेक्षांचे मूळ एकच आहे. १९१७चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा केला. नोंदणी, तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र, विमा हे सारे त्यात आहे. कायदा काठावर उभा राहून चालत नाही. त्याने होडीत बसले पाहिजे.

दुसरे उत्तर खर्चाचे. उंच पुलाला पैसा लागतो, हे मान्य. पण जुन्या पुलाला रंग लागतो, तेवढा तरी द्या. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात पॉटर हाइगम येथे एक मध्ययुगीन दगडी पूल आहे. मध्यभागीही त्याची उंची साधारण दोन मीटर. तिथे भाड्याच्या मोटरबोटी येतात. पुलाच्या अलीकडे मोजपट्टीचा फलक आहे, त्यावर त्या घटकेला खाली किती जागा आहे ते वाचता येते, आणि भाड्याची बोट पुलाखालून नेण्याचे काम तिथल्या वाटाड्याकडेच सोपविलेले असते. त्या लोकांनी जुना पूल पाडला नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहून वागण्याची रीत घालून दिली. आपल्याकडे हे अधिक सोपे आहे. उजनीची पातळी जलसंपदा विभाग रोज मीटरमध्ये मोजतो आणि ती वर्तमानपत्रांत येते. पुलाच्या तळाची उंची नकाशात लिहिलेली असते. समजा, ती ५०० मीटर आहे. जलाशय भरलेला असताना खाली उरतात ३.१७ मीटर. चौथीतल्या मुलाला येणारी ही वजाबाकी आहे. ती खांबावर रंगवून ठेवण्यासाठी कोणती समिती हवी?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. उजनीवरील प्रत्येक पुलाच्या खांबांवर दोन्ही बाजूंनी मोजपट्टी रंगवावी. बोटींनी कोणत्या गाळ्यातून जावे, तो गाळा खुणेने आणि रात्री दिव्याने दाखवावा. प्रत्येक लाँचवर, ती रिकामी असताना पाण्यापासून तिचे टप किती उंच असते, तो आकडा ठळक लिहावा. नव्या पुलाचा आराखडा दोन्ही काठच्या नावाड्यांना आणि मासेमारांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. आणि हे सारे जलपर्यटनाची पहिली दुमजली बोट पाण्यात उतरण्यापूर्वी व्हावे. पहिला अपघात झाल्यानंतर नव्हे. अपघातानंतर आपण काय करतो, ते आपल्याला पाठ आहे: चार दिवस बंदी, आठ दिवस चौकशी आणि मग पुन्हा तीच होडी.

धरणाने ज्यांची वाट बुडविली, त्यांनी पाण्यावर नवी वाट शोधली. ती वाट त्यांनी सरकारकडे मागितली नव्हती, स्वतःच्या वल्ह्याने काढली होती. तिच्या आड पूल घालताना तळाची उंची त्यांना विचारून ठरविणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.