बदल केलेल्या गाडीचा भाव

भोपाळच्या चार इमलीत बदलीचे हुकूम निघाले की बंगल्यांतले सामान हलते आणि त्यासोबत गाड्याही विकायला निघतात. मंत्र्यांची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची ही वस्ती. इथल्या आवारातली गाडी म्हणजे ‘साहेबांची गाडी’, आणि दलाल या ओळखीचेही पैसे मागतो. समजा, अशाच एका आवारात २०१८ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस उभी आहे. डिझेल, फोर बाय फोर, पांढरी नंबर प्लेट. मालकाने हौसेने तिला मोठे टायर घातले, पुढे जाड लोखंडी बंपर लावला, हौद्यावर फायबरची कॅनोपी बसवली, मागे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे देऊन उंची वाढवली आणि ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाचे रीमॅपिंगही करून घेतले. या सगळ्यात चार लाख गेले. विकताना त्या चार लाखांचे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी मालकाचे म्हणणे ऐकू, कारण त्यात दम आहे. आपल्याकडे घरगुती वापराच्या पिकअपचा बाजार फार छोटा आहे. टाटा झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे केव्हाच बंद झाल्या. व्ही-क्रॉस २०१६ मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास आली. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली ती थेट ३३ लाख ९९ हजारांपासून. तेव्हा जुनी, नीट ठेवलेली फोर बाय फोर पिकअप शोधणाऱ्यापुढे पर्याय मोजकेच असतात. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्याचाही इथे उपयोग नाही. तो तक्ता चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत ५० टक्क्यांनी कमी धरतो आणि पाच वर्षांपुढे ‘दोघांच्या संमतीने’ एवढेच सांगून थांबतो. कोलार रस्त्यापलीकडे शेत असलेले किंवा सातपुड्याच्या जंगलाकडे वारंवार जाणारे गिऱ्हाईक हीच कॅनोपी, हेच टायर नाहीतरी लावून घेणार. मग तयार गाडीचे चार पैसे त्याने जास्त का देऊ नयेत?

असे गिऱ्हाईक मिळाले तर जरूर द्यावेत. पण ते शंभरात एखादे. बाकीच्यांना त्या बदलांत दुसऱ्या माणसाची आवड दिसते. आपल्या उंचीला सोयीचा म्हणून स्वयंपाकघरातला ओटा उंच करून घेतला, तर पुढचा घरमालक त्याचे पैसे देत नाही. उलट तो पाडायला किती लागतील ते विचारतो.

शिवाय बदल केलेली गाडी स्वतःची हकीकत सांगत असते. गिऱ्हाइकासोबत आलेला जाणता फिटर बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकतो. पुढच्या चाकाच्या कमानीत हात घालून टायर कुठे घासला आहे का ते चाचपतो. मागचे यू-बोल्ट पाहतो, ठोकळे दिले की ते लांब लागतात. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याला हात लावून खेळ जाणवतो का बघतो, कारण मागची बाजू उचलली की शाफ्टचा कोन बदलतो आणि सांधा लवकर झिजतो. कॅनोपीसाठी हौद्याच्या काठाला भोके पाडली असतील तर तिथला गंज नखाने खरवडतो. मालकाने ज्या गोष्टींवर पैसे घातले, त्याच गोष्टी फिटरच्या हिशेबात घासाघीस करायची जागा बनतात.

टायरची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ घातला की चाकाचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटरवरून ८०४ मिलिमीटरवर जातो, म्हणजे सात टक्क्यांनी वाढतो. मीटर मात्र चाकाचे फेरे मोजतो. या टायरवर मीटरने ८०,००० दाखवले तर गाडी जवळजवळ ८६,००० किलोमीटर धावलेली असते. कोणी मीटर मागे फिरवला नाही, कोणाच्या मनात खोट नाही, तरीही जाहिरातीतला आकडा खोटा ठरतो. मोठे टायर कधी घातले ती तारीख सांगून मालकाने खरा आकडा स्वतःच काढून द्यावा.

मग कायदा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. पुढच्या लोखंडी बंपरवर कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते. मालकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: कलमातच ‘बदल’ म्हणजे गाडीचे मूळ स्वरूप पालटणारा, रचनेतला बदल, असा खुलासा आहे. त्यामुळे हौद्यातला लायनर किंवा सहज उतरवता येणारी कॅनोपी आणि चढवलेली उंची, बदललेले इंजिन यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. पण विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला निमित्त होतो, आणि ती जोखीम नव्या मालकाच्या गळ्यात पडते. भाव ठरवताना ती धरायलाच हवी.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती इंजिनाशी केलेल्या खटाटोपाची. रीमॅप करताना पुष्कळदा ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद केली जाते. गाडी हलकी पळते, काजळी कमी दिसते, मालक खूश होतो. पण ही यंत्रणा ज्वलनाचे तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठीच बसवलेली असते. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणून ईजीआर बंद केलेली गाडी कागदावर बिनबोभाट पास होते आणि शहराच्या हवेत विष सोडत राहते. ‘पिकअप वाढवला आहे’ म्हणून या कामाचे पैसे मागणे मला साफ नामंजूर आहे. विकण्याआधी ते पूर्ववत करून द्यावे, नाहीतर तो खर्च किमतीतून वजा करावा.

आता हिशेब मांडू, आकडे उदाहरणापुरते. त्याच सालच्या, तितक्याच धावलेल्या, बदल न केलेल्या गाडीला अकरा लाख मिळत असतील तर सुरुवात अकरा लाखांपासून. खरेदीचा खर्च अधिक चार लाख, असे गणित इथे मांडायचे नाही. कॅनोपीला लाख-सव्वालाख पडले असतील आणि ती शाबूत असेल तर साठ हजार धरावेत. टायर निम्मे शिल्लक असतील तर चाळीस हजार. उंचीचे शून्य, बंपरचे शून्य. रीमॅप काढून ईजीआर चालू करायला आणि झिजलेले सांधे बदलायला पन्नास हजार वजा. उरतात साडेअकरा लाख. मागावेत बारा, सोडावी साडेअकराला. पंधराची आस धरली तर गाडी पावसाळाभर आवारात उभी राहील, बॅटरी उतरेल आणि शेवटी दलाल ती दहाला उचलेल.

या हिशेबात एक गोष्ट मालकाच्या बाजूने झुकते, ती म्हणजे काढून ठेवलेले मूळ भाग. कंपनीचा बंपर, मूळ चाके, मूळ यू-बोल्ट बंगल्याच्या मागच्या खोलीत जपून ठेवले असतील तर गिऱ्हाइकाची निम्मी धास्ती तिथेच संपते. बंपर आधीच बदलून घ्यावा, काचांवरची काळी फिल्म उतरवावी. फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कॅनोपी मात्र राहू द्यावी. ती उतरवून वेगळी विकण्याची खटपट फारशी परवडत नाही आणि खाली भोके उघडी पडतात.

राहिली पत्त्याची किंमत. सावलीत उभी राहिलेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, एकाच हातातली गाडी असेल तर तिला दोन पैसे जास्त मिळालेच पाहिजेत. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिथल्या स्वस्त गाड्यांनी बाहेरच्या बाजारांत भाव पाडले, त्यांच्यापुढे एम.पी. ०४ ची, इथलाच पूर्ण इतिहास असलेली गाडी वजनदार ठरते. पण ते वजन सर्व्हिसिंगच्या पावत्यांचे आहे. चार इमली हे नाव इंजेक्टरची अवस्था सांगत नाही, आणि नुसत्या पत्त्यावर गिऱ्हाइकाने एक रुपयाही वाढवू नये.

भाव ठरला तरी नाव लागेपर्यंत सौदा पुरा होत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. बदल केलेल्या गाडीत हा धोका दुप्पट, म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरल्याशिवाय किल्ली देऊ नये.

विकणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: किंमत लिहिण्याआधी कागदावर काय बदलले, कधी बदलले, कोणत्या गॅरेजात बदलले आणि मूळ भाग कुठे आहे ते ओळीने लिहा, ईजीआरसकट. तो कागद पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि बोलणी त्यानंतर सुरू करा.