निवडलेले, न गेलेले

यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी शुभांशु शुक्ला यांचं नाव आमच्या बैठकीत एकमताने ठरलं. जून २०२५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा आपणही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. पण त्याच मोहिमेसाठी राखीव असलेले प्रशांत बालकृष्णन नायर कसे दिसतात, असं कुणीतरी विचारलं आणि बैठकीत सगळे गप्प झाले.

गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेल्या चौघांपैकी हे दोघे. उरलेले दोघे अजित कृष्णन आणि अंगद प्रताप. चौघेही हवाई दलाचे चाचणी-वैमानिक. बंगळुरूतल्या कसून झालेल्या वैद्यकीय तपासण्या (दातांच्या तक्रारींवरूनही म्हणे काही वैमानिक गळले!) आणि रशियातलं सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण चौघांनीही पार पाडलं. यानात जागा मात्र फार तर तिघांची.

मागे राहणाऱ्याचं नाव पुसलं जातं, हा आपला जुना अनुभव. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यांच्याबरोबर तेच प्रशिक्षण घेऊन, तीच रशियन भाषा शिकून शेवटपर्यंत सज्ज राहिलेले रवीश मल्होत्रा प्रश्नमंजूषेतल्या अवघड प्रश्नापुरते उरले. पुढे अमेरिकी शटलसाठी एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या इस्रोच्या दोघांची निवड झाली. एक जाणार, दुसरा राखीव. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ शटलचा उड्डाणानंतर ७३ सेकंदांत स्फोट झाला आणि दोघेही राहिले. त्यांच्यासोबत जायचा तो इन्सॅट-१सी उपग्रह १९८८ मध्ये एरियान रॉकेटवरून गेला.

राखीव माणसाची किंमत कळायला अमेरिकेची ‘अपोलो १३’ ही चांद्रमोहीम आठवावी. १९७० मध्ये उड्डाण अगदी तोंडावर आलं असताना चमूतले केन मॅटिंग्ली रुबेलाच्या रुग्णाच्या संपर्कात आल्याचं कळलं. त्यांना उतरवून राखीव जॅक स्वायगर्ट यांना पाठवलं. वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली. वीज जेमतेम उरलेली. तेवढ्या विजेवर बंद केलेलं यान पुन्हा सुरू कसं करायचं, हे ह्यूस्टनमध्ये बसून शोधणाऱ्यांत मॅटिंग्ली होते. रुबेला त्यांना झालाच नाही.

म्हणून आमच्या मते निवड समितीचा कस लागतो तो राखीव माणूस निवडताना. गगनयानाचा पहिला चमू जाहीर होईल तेव्हा वर्तमानपत्रांनी मागे राहणाऱ्यांचीही छायाचित्रं पहिल्या पानावर छापावीत. आम्ही या अंकात चौघांचीही छापली आहेत; मुखपृष्ठ उलटलं की दिसतील.