छत्री आपली, वाहिनी कोणाची?

सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा तालुक्यातून एस.टी.ने जाताना एकदा घरांच्या छपरांकडे मुद्दाम पाहावे. पत्र्यावर, स्लॅबवर, तांड्यातल्या घराशेजारी रोवलेल्या लोखंडी पाइपावर लहान लहान छत्र्या दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळशा आग्नेयेकडे तोंड करून असतात. त्या दिशेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर 'जीसॅट-१५' हा आपल्या देशाचा उपग्रह आहे. आपल्या जिल्ह्यातून तो क्षितिजाच्या साधारण साठ अंश वर येतो. दूरदर्शनची 'फ्री डिश' त्याच्यावरून येते. छत्री आणि पेटी मिळून एकदाच दीड-दोन हजार रुपये मोजायचे. पुढे महिन्याला एक पैसाही द्यायचा नाही.

ही सोय काही कालची नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' ह्या नावाने ती सुरू झाली, तेव्हा तीवर ३३ वाहिन्या होत्या. आज देशातली चार कोटींहून अधिक घरे तीवर आहेत असा अंदाज दिला जातो. केबलवाल्याला पाचपन्नास घरांच्या वाडीपर्यंत तार ओढणे परवडत नाही, आणि खाजगी कंपनीच्या छत्रीला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. ज्या घरात रोजगार हंगामापुरताच असतो, त्या घराला दर महिन्याची कोणतीही ठरलेली रक्कम जड असते, मग ती शंभर असो की तीनशे. दूरदर्शनचे जुने जमिनीवरचे मनोरेही २०२२पर्यंत थोडे अपवाद वगळता बंद झाले. म्हणजे गरिबाच्या घरात फुकट दूरचित्रवाणी आणणारी ही एकच वाट उरली आहे. ती उत्तम आहे, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती पुढची.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने? प्रेक्षक पैसे देत नाही, तेव्हा ते दुसरा कोणीतरी देतो. प्रसार भारती आपल्या वाहिन्यांसाठी जागा राखून ठेवते आणि उरलेल्या जागांचा लिलाव करते. त्यात भाषा आणि विषय पाहून गट पाडलेले असतात हे खरे. परंतु शेवटी जागा मिळते ती बोली लावणाऱ्याला. आता हिशेब सोपा आहे. हिंदी चित्रपटांची वाहिनी राजस्थानपासून बिहारपर्यंत पाहिली जाते, तिला जाहिराती त्या मानाने मिळतात आणि ती मोठी बोली लावू शकते. मराठी वाहिनीचा प्रेक्षक एका राज्याचा. त्यामुळे आपल्या छत्रीवर हिंदी सिनेमे, हिंदी मालिका, हिंदी बातम्या आणि भक्तीच्या वाहिन्या यांची रांग लागते आणि मराठीसाठी 'सह्याद्री' ही एक हक्काची वाहिनी राहते. इतर मराठी वाहिन्या लिलाव अनुकूल असेल तर येतात, नसेल तर जातात.

कोणी म्हणेल, हिंदीही आपल्याला कळतेच की! कळते. निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्याला हिंदी-उर्दू शिकवावी लागत नाही. माझे हिंदीशी काही भांडण नाही आणि सिनेमांशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते आपल्या घरात काय दिसावे हे ठरविताना आपल्याला कोणी विचारत नाही ह्याच्याशी. मार्च २०१९मध्ये वाहिन्यांच्या दरांचे नवे नियम आल्यावर मोठ्या खाजगी कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय फुकट वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. २०२०च्या जूनमध्ये त्यांतल्या परत आल्या. गावोगावच्या आयाबायांच्या मालिका एका रात्रीत गेल्या आणि वर्षभराने पुन्हा उगवल्या. कोणाशी बोलायचे, तक्रार कोठे करायची? जो पैसे देत नाही तो गिऱ्हाईक नसतो, आणि गिऱ्हाईक नसलेल्याचे दुकानात कोण ऐकणार?

पण हे दुकान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून चाललेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा. गावच्या गायरानासारखेच हे. गायरान भाड्याने देऊन ग्रामपंचायतीने दोन पैसे मिळवावेत, ठीक आहे. पण गावच्या गुरांना चरायला थोडा तुकडा राखून मग द्यावे ना!

इथे एक जुनी गोष्ट आठवण्याजोगी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर आपल्या देशात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेकडून उसना घेतलेला 'एटीएस-६' उपग्रह, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी, गावासाठी एक सार्वजनिक संच आणि रोज सुमारे चार तासांचा कार्यक्रम. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र आपल्यासारखेच निजामाच्या राज्यात असलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. तिथल्या गावकऱ्यांना कार्यक्रम कानडीतून दिसत, ओरिसात उडियातून, आंध्रात तेलुगूतून. कार्यक्रम कंटाळवाणे होते अशी टीका तेव्हाही झाली. असतीलही. परंतु उसन्या उपग्रहावर आणि एवढ्याशा गावांसाठीसुद्धा त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे हे तेव्हा कोणाला पटवावे लागले नाही. आज उपग्रह स्वतःचा आहे, घरे कोट्यवधी आहेत, आणि भाषा मात्र लिलावावर सोडली आहे.

परदेशातले एक उदाहरण देतो. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये वेल्श भाषा बोलणारे १९८१च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होते, आणि त्यांतल्या बहुतेक सर्वांना इंग्रजी येत होती. सरकारने वेल्श वाहिनीचे आश्वासन मोडू पाहिले तेव्हा ग्विनफोर इव्हान्स ह्या वृद्ध पुढाऱ्याने १९८०मध्ये प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी 'एस-फोर-सी' ही वेल्श वाहिनी सुरू झाली. ती आजही चालू आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक आहेत. उपोषणाची भाषा मी करीत नाही. आपल्याला तर साधे पत्रसुद्धा लिहावेसे वाटलेले नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, आता मोबाईलचा जमाना आहे, टीव्ही पाहतो कोण? वसतिगृहात राहून असे म्हणणे सोपे आहे. मोबाईल एकाचा असतो आणि त्याचा रिचार्ज दर महिन्याला संपतो. कोरोनाच्या काळात हे उघड दिसले. शाळा बंद पडल्यावर २० जुलै २०२०पासून 'सह्याद्री'वर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, किंवा होता पण बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाला छत्रीतून शाळा मिळू शकत होती. एका हक्काच्या मराठी वाहिनीने एवढे केले. मग आणखी एकदोन असत्या तर?

आणि दाखवायला काही नाही असे नाही. वसमतची हळद देशभर जाते. तिचे रोजचे भाव, शिजवण्या-वाळवण्याच्या नव्या पद्धती, करप्यावरचे उपाय हे सारे पडद्यावर येऊ शकते. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, आकाशवाणीचे केंद्र आहे. सांगणारे आणि बोलणारे दोघेही एकाच गावात बसलेले आहेत. २१ मार्च २०२४ला आणि पुन्हा १० जुलैला आपल्या जिल्ह्यात जमीन हादरली. अशा वेळी भूकंप किती तीव्रतेचा होता, घरात थांबावे की बाहेर, हे शांतपणे मराठीतून सांगणारा पडदा घरात हवा. नाहीतर उरतो तो व्हॉट्सअॅप. (अतिवृष्टीत मात्र छत्रीवर विसंबून चालत नाही. मुसळधार पावसात लहरी क्षीण होतात आणि नेमके पूर आलेल्या रात्रीच चित्र जाते. त्या रात्री रेडिओच बरा. हा दोष मान्य केला पाहिजे.) योगायोग असा की औंढ्याजवळ विश्वाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो'ची वेधशाळा व्हायची आहे, २०२३मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी कोसांवरचे ऐकणाऱ्या ह्या तालुक्याला मुंबईचे तेवढे ऐकू येते, परभणीचे चित्र मात्र दिसत नाही.

जागा नाही, हे उत्तर मला पटत नाही. 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या ह्याच उपग्रहावरून येतात. २०२२च्या अर्थसंकल्पात शालेय वाहिन्या बारांवरून दोनशे करण्याची घोषणा झाली, तीही राज्यांच्या भाषांतून शिकविण्यासाठी. ठरविले की जागा होते. पैसा नाही, हेही तितकेसे खरे नाही. जानेवारी २०२३मध्ये प्रसारणाच्या 'बाइंड' योजनेला २५३९ कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांवर पेट्या मोफत वाटणे हा तिचाच भाग आहे. शेजारचा वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आपण नाही. पेटी फुकट नसली तरी आपण घेऊ. मागणे एवढेच आहे की लिलावाआधी प्रत्येक मोठ्या भाषेसाठी दोन-तीन जागा बाजूला काढाव्यात, आणि मराठीच्या जागेतला रोजचा एक तास मराठवाड्याचा, परभणीत तयार झालेला असावा. जुन्या पेट्यांत एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत. म्हणून ही जागा जुन्या पेटीतही दिसेल अशीच हवी. नाहीतर ज्याच्यासाठी हे मागतो आहोत तोच बाहेर राहील.

ह्या मजकुराचे एक पत्र आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या सहीने प्रसार भारतीकडे जावे, असे मी सुचवितो. मराठीच्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी मसुदा तपासून द्यावा. गावी जाणाऱ्या मुलामुलींनी सुटीत आपल्या गल्लीतल्या किती छत्र्यांवर कोणती मराठी वाहिनी लागते, ते मोजून आणावे, म्हणजे पत्राला आकडे जोडता येतील.