नकाशाला तिथी जोडून द्या



भाताची झोडणी आटोपली की हल्ली खारेपाटात कॉलेजची मुलेमुली दिसू लागतात. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल किंवा जी.पी.एस. यंत्र. बांधावर उभी राहून काहीबाही टिपून घेतात. विचारले तर म्हणतात, "समुद्र वाढतोय, त्याचा अभ्यास करतोय." पेण-अलिबागकडच्या आपल्या माणसांच्या मनात मात्र पहिली शंका येते ती वेगळीच. मोजणी आली म्हणजे जमीन जाणार! ही शंका वावगी नाही, ती अनुभवातून आलेली आहे. म्हणून ओळखपत्र आणि प्राध्यापकांचे पत्र खुशाल मागावे. ते पाहिल्यावर मात्र मुलांना टोलवू नये. त्यांच्या कामात आपलाही मतलब आहे.

ही मुले करतात काय? आकाशातून फिरणारे उपग्रह जमिनीची चित्रे घेत असतात. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती कोणालाही फुकट मिळतात. जुने चित्र आणि नवे चित्र संगणकावर एकावर एक ठेवायचे. भातखाचर कुठे होते, पाणी कुठे आले, कांदळवन कुठे वाढले, हे रंगाने दिसते. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने अशाच रीतीने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासला. त्यात ३३.६ टक्के किनारा धुपत असल्याचे आढळले.

आता या चित्राची मेख समजून घ्या. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे एक गुंठा. आपला खारबांध त्याहून अरुंद. बांधाला चार हात खांड गेली तर ती चित्रात दिसतच नाही. दिसते ते खांडीतून आत शिरलेले पाणी, आणि मागाहून वाढलेली तिवरे. शहरातला पोरगा म्हणणार, समुद्र इतका आत आला! आपल्याला ठाऊक असते की खेकड्यांनी बांध पोखरला होता, उघाडीचे दार कुजले होते, अर्ज देऊन कोणी फिरकले नव्हते, आणि अमुक उधाणाला बांध गेला.

समुद्र वाढत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९०१ ते २०१८ या काळात जगात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने चढली. वीतभर पाणी म्हणजे थोडे वाटेल, पण बांधाचा माथा आणि उधाणाचे पाणी यांत अंतर तरी किती असते? आणि तोच बांध दरवर्षी बसतो, झिजतो. दोन्ही दुखणी खरी आहेत, पण औषधे वेगळी. एकाला बांध उंच करायला हवा, दुसऱ्याला वेळेवर डागडुजी. नकाशात दोन्ही एकाच निळ्या रंगात गेली, तर डागडुजी ज्यांचे काम ते निसर्गाकडे बोट दाखवून मोकळे होतील.

दुसरी गोष्ट भरतीची. हे उपग्रह कोकणावरून जातात ते सकाळी ११ च्या सुमारास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्याकडचा कोणीही कोळी सांगेल. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, तर ११ ला ओहोटी होत आलेली. पौर्णिमा-अमावास्येला तोच हिशेब सव्वाअकरावर जातो, म्हणजे चित्र काढताना खाडी तुडुंब. खाडीत आतवर भरती थोडी उशिरा पोचते, ते सोडा. पण एक चित्र अष्टमीचे आणि दुसरे अमावास्येचे घेतले, तर समुद्र सरकलाच नसतानाही सरकलेला दिसतो. मुलांना चित्राची तारीख विचारा, आणि पंचांग पुढे ठेवा. चांगली मुले लगेच वहीत लिहून घेतात. पावसाळ्यात तर ढगांमुळे साधे चित्र निघतच नाही, आणि बांध फुटायचे दिवस नेमके तेच! त्या दिवसांची साक्ष आपल्याजवळच असते.

ही साक्ष लिहून ठेवावी. कोणत्या वर्षी, कोणत्या तिथीला खांड गेली, पाणी कोणत्या गट नंबरपर्यंत आले, बुजवायला किती दिवस लागले. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला हे काम सांगा, ती नीट करील. पाणी पोचले तिथे खुंटी ठोकून तिच्यावर तारीख रंगवावी.

याला आणखी एक कारण आहे. शेत पडीक राहून तिथे कांदळवन आले की ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश खासगी जमिनीलाही लागू आहेत. कांदळवन लाटा अडवते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तिथे पूर्वी भात पिकत होते आणि बांध फुटल्यावर तिवरे आली, हे सांगायला सातबाऱ्याच्या जोडीला जुने उपग्रह-चित्र हाताशी असलेले बरे. कचेरीत ते किती मानतील हे वकिलाला विचारावे. मुलांकडून मात्र आपल्या गावाचा नकाशा, चित्रांच्या तारखांसह, छापून मागून घ्या आणि ग्रामपंचायतीत लावा.

मातीचे नमुने न्यायला मुले मे महिन्यात आली तर उत्तम, कारण तेव्हा क्षार वर येतात. पावसात ते धुऊन जातात आणि जमीन आहे त्याहून गोडी दिसते. अहवालाची प्रत तुम्हीही मागा. क्षारतेचा आकडा ४ च्या वर असेल तर साध्या भाताच्या नादी लागू नका, पनवेल केंद्राच्या खारवट जमिनीसाठीच्या जातींचे बियाणे रोहिण्यांपूर्वी सांगून ठेवा.