विश्लेषण : बाइकवरचे स्टिकर काढताना रंग का जातो?

सेकंडहँड बाइक घरी आली की नव्या मालकाला आधी खटकते ते टाकीवरचे दुसऱ्याचे नाव. 'आईचा आशीर्वाद', गावाचे नाव, साइड पॅनेलवर कधीतरी चिकटवलेला क्रिकेट संघाचा लोगो आणि मागे शोरूमची जाहिरात. गाडी जाते कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे. तो कटर घेतो, थिनरचा बोळा फिरवतो आणि दहा मिनिटांत काम फत्ते. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी पाहिली की ओरखडे दिसतात आणि स्टिकरच्या जागी चमक गेलेला पांढुरका डाग. स्टिकर लावायला जेवढे पैसे गेले नसतील, त्याच्या कितीतरी पट टाकी पुन्हा रंगवायला जातात. हे नुकसान टाळायला महागडे रसायन लागत नाही. अर्धा-पाऊण तास लागतो आणि नेमका तोच द्यायची कुणाची तयारी नसते.

रंग किती जाड असतो?

टाकीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. एका मिलिमीटरमध्ये 1000 मायक्रॉन असतात, यावरून अंदाज यावा. गाडीची चमक ज्यात असते तो क्लिअर कोट यातला जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बहुधा पातळ. अशा थरावर ब्लेड कितीही 'हलक्या हाताने' चालवले तरी चुकीला जागाच उरत नाही. ओरखडा घालवायला रबिंग कंपाउंड मारले जाते, तेव्हा ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणला जातो. एकदा ठीक आहे, दर वेळी नाही.

थिनरचा त्रास वेगळा. तो गोंद विरघळवतो तसा रंगही मऊ करतो. साइड पॅनेल, मडगार्ड, हेडलाइटभोवतीचे कव्हर बऱ्याच गाड्यांवर प्लास्टिकचे असते आणि बहुतेकदा ते एबीएस असते. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन हे प्लास्टिकच विरघळवते. 'घरात होते म्हणून लावून पाहिले' या प्रयोगात पॅनेल कायमचे खरखरीत होते.

मग गोंद सुटतो कशाने?

उष्णतेने. स्टिकरचा गोंद फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम थोडा चिकटच राहतो आणि दाबाने धरतो. गरम झाला की मऊ पडतो, थंडीत ताठर होतो. जुने स्टिकर जास्त छळते त्यामागे ऊन असते. प्लास्टिकची फिल्म लवचिक राहावी म्हणून त्यात मिसळलेले घटक वर्षानुवर्षे उन्हात निघून जातात आणि फिल्म कडक होते. मग ते सलग न निघता नखाएवढ्या तुकड्यांत तुटते.

इंटरनेटवरचा प्रत्येक दुसरा व्हिडिओ इथे हेअर ड्रायर काढतो. पॅनेलसाठी ठीक, पण पेट्रोलच्या टाकीवर नको. ड्रायरच्या आत तापलेली तार असते, मोटरमध्ये ठिणगी पडू शकते आणि टाकीच्या झाकणाशी पेट्रोलची वाफ असू शकते. वर्कशॉपमधली हीट गन तर 500 अंशांपर्यंत जाते. ती घरच्या माणसाने हातातच घेऊ नये. टाकीसाठी गरम पाणी पुरेसे आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी सावलीत घ्यावी आणि आधी शाम्पूने धुवावी. धुळीवर कापड घासणे म्हणजे सँडपेपर घासण्यासारखेच. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात टॉवेल पिळून तो दोन-तीन मिनिटे स्टिकरवर दाबून ठेवावा. एक कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचलावा. स्टिकर सरळ वर ओढू नये. स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे न्यावे. अडले की पुन्हा टॉवेल. उठावाचे जाड अक्षर असेल तर मागून डेंटल फ्लॉस किंवा मासेमारीचा तंगूस करवतीसारखा चालवला की गोंद कापला जातो. उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटे थांबावे, मऊ कापडाने पुसावे आणि पुन्हा शाम्पूने धुवावे. पेट्रोलचा बोळा लागतच नाही.

कुठे हात लावू नये?

सेकंडहँड गाडीचा पत्रा आधी कुणी रंगवला आहे का, हे पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये. स्थानिक गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या रंगाइतका घट्ट बसलेला असेलच असे नाही आणि स्टिकरबरोबर रंगाचा पापुद्राच निघू शकतो. स्क्रूच्या डोक्यावर किंवा रबरावर उडालेला रंग, दोन भागांच्या छटेतला फरक या त्याच्या खुणा. अशा ठिकाणी स्टिकर राहू दिलेले बरे.

कंपनीचे ग्राफिक्स बऱ्याचदा क्लिअर कोटच्या खाली असतात. कडेवरून नख फिरवून पाहावे. कड लागत नसेल तर ते निघणार नाही, खरवडले तर रंग निघेल. मॅट फिनिशवर पॉलिश मारले की तेवढाच भाग चकाकतो आणि ते परत घालवता येत नाही. नंबरप्लेटवरची हौस मुळात नियमात बसत नाही. 1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांवर येणाऱ्या एचएसआरपी प्लेटवरचा होलोग्राम आणि लेझर क्रमांक तर घासायचाच नाही.

स्टिकर नीट निघूनही खाली गडद आकृती दिसली, तर दोष काढणाऱ्याचा नाही. आजूबाजूचा रंग उन्हाने विटला आणि झाकलेला टिकला, एवढेच. पॉलिशने फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

शोरूमला कोण विचारणार?

हौसेने लावलेल्या स्टिकरची जबाबदारी मालकाची. पण नव्या गाडीवर शोरूम आपले नाव आणि फोन नंबर न विचारता चिकटवते, त्याचे काय? ग्राहक पूर्ण किंमत मोजतो आणि वर पुढची दहा वर्षे फुकट जाहिरात करत फिरतो. ही पद्धत इतकी रुळली आहे की कुणाला खटकतही नाही. बुकिंग करतानाच 'स्टिकर नको' असे फॉर्मवर लिहून घ्यावे. तरीही लागलेच तर डिलिव्हरीच्या दिवशीच काढायला सांगावे. तेव्हा गोंद ताजा असतो, फिल्म लवचिक असते आणि ते नखाने उचलून अख्खे निघते.