पदवी आणि ओळंबा

इमारत कशी उभी राहते हे पाच वर्षे शिकून वास्तुकाराची पदवी मिळवावी, आणि त्या काळात एकही भिंत स्वतःच्या हातांनी रचू नये, ही आपल्या शिक्षणातील विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता कोणाला खटकतही नाही. बांधकामाचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाची स्वतःची इमारत बहुधा निविदा मागवून कंत्राटदाराकडून बांधून घेतलेली असते. तिच्या पायात काय पडले आणि पहिल्या पावसात तिचे छप्पर कोठे गळले, याच्याशी तेथील विद्यार्थ्यांना कर्तव्य नसते. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली असे उद्दिष्ट ठेवले होते की, २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या सहवासात शिकावे, अशी शिफारसही त्यात आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु शाळकरी मुलाला कारागिराकडे धाडणारी व्यवस्था भावी वास्तुकाराच्या हाती मात्र थापी देणार नसेल, तर श्रमप्रतिष्ठेची भाषा पोकळ ठरते.

याहून वेगळा मार्ग शक्य आहे, याची साक्ष अमेरिकेतील अलाबामा या एकाच राज्यातील दोन संस्था देतात. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेची धुरा घेतली, तेव्हा तिच्या इमारती विद्यार्थ्यांनीच बांधाव्यात असा त्यांचा आग्रह होता. गावात विटा मिळत नव्हत्या. म्हणून त्या पाडण्यापासून सुरुवात झाली. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवले, आणि ती साधली. पुढे आसपासचे गोरे लोकही विटांसाठी संस्थेच्या दारी येऊ लागले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी नोंदविले आहे की, तोवर उभ्या राहिलेल्या लहानमोठ्या ४० इमारतींपैकी ४ वगळता बाकी साऱ्या जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या श्रमांतून झाल्या होत्या. भट्टी फसली तेव्हा तिचे नुकसान संस्थेने सोसले, हे या कथेतील खरे मर्म होय.

दुसरे उदाहरण शतकानंतरचे. ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या अध्यापकांनी १९९३ मध्ये ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना दारिद्र्याने ग्रासलेल्या हेल परगण्यात राहावयास नेले. तेथे त्यांनी १९९४ मध्ये गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती असलेले एक घर एका गरीब कुटुंबासाठी बांधले. पुढे न्यूबर्न येथील आपल्या आवारात एका उंच, उघड्या छपराखाली विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निवासासाठी लहान लहान खोल्या उभारल्या. त्यांतील एकीच्या भिंती मेण चढविलेल्या टाकाऊ पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांच्या आहेत. मेणामुळे असा पुठ्ठा सहसा पुन्हा लगद्यात घालता येत नाही. एरवी तो कचऱ्यातच जावयाचा.

येथे एका नैतिक प्रश्नाला हात घालावा लागतो. नव्या साहित्याचा प्रयोग कोणाच्या डोक्यावर करावयाचा? स्वस्त व पर्यावरणपूरक घराच्या नावाखाली प्रयोगाची जोखीम बहुधा गरिबाच्या माथी मारली जाते. भिंतीला ओल आली तर अहवाल लिहिणारा निघून गेलेला असतो. ओलीत झोपतो तो गरीब. विद्यार्थ्याने पुठ्ठ्याची भिंत स्वतःच्या खाटेमागे उभी करावी, यात म्हणूनच न्याय आहे. त्या भिंतीचे गुणदोष त्याला रोज रात्री तपासावे लागतात. याच संस्थेने २००५ पासून, साहित्य व मजुरी धरून २० हजार डॉलरांत बसेल अशा घराचा शोध हाती घेतला. नवलाईपेक्षा परवडण्याला महत्त्व देणारी ही वाट प्रयोगाला आलेली प्रौढता दाखविते.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा मानला होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे ग्रामीण मुलेमुली जोडकाम, बांधकाम, शेती आणि वीजकाम प्रत्यक्ष करीत शिकतात. लोखंडी त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभी राहणारी घुमटाकार घरे पाबळच्याच नावाने ओळखली जातात. रूढ शाळेत न रमलेल्या मुलांना जे साधते, ते गुणवत्ता यादीतून निवडून आलेल्यांच्या आवाक्याबाहेरचे असेल असे मानण्यास आधार नाही. अडथळा निराळा आहे. गवंडी, वडार, सुतार, बेलदार यांचे ज्ञान जातीच्या उतरंडीने खाली ठेवले. लेखणी एका हाती आणि ओळंबा दुसऱ्या हाती अशी वाटणी केली. अभ्यासक्रमाने ती वाटणी मोडली नाही, मुकाट्याने पुढे चालविली.

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. सुरक्षिततेचे काय? बांधकाम परवान्याचे काय? विद्यार्थी फुकट राबले तर मजुराचा रोजगार बुडणार नाही काय? उत्तर असे की, आरंभ वसतिगृहापासून करण्याचे कारण नाही. सायकलींची छपरी, पहारेकऱ्याची खोली, पावसाच्या पाण्याचे टाके, झाडाखालची वाचनाची पडवी एवढ्यानेही आरंभ होईल. आराखडा जबाबदार अभियंत्याने तपासावा. अनुभवी गवंड्याला मजूर म्हणून नव्हे, तर अध्यापक म्हणून मानधन देऊन बोलवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, बांधलेली वास्तू वापरात राहावी, तिच्या गळतीची व डागडुजीची नोंद ठेवावी, आणि ती डागडुजी पुढच्या तुकडीच्या अभ्यासाचा भाग व्हावी. असे न झाल्यास फीत कापून, छायाचित्र काढून विसरलेल्या शोभेच्या वस्तूंत आणखी एकीची भर पडेल.

जगातील कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा इमारती आणि त्यांच्या बांधकामाचा आहे. सिमेंट कोठे वाचविता येते, माती कोठे चालते, चुना कोठे अधिक टिकतो, उन्हाळ्यात कोणती भिंत तापत नाही, हे प्रश्न त्यामुळे आवडीनिवडीचे राहिलेले नाहीत. त्यांची उत्तरे पुस्तकात अर्धी मिळतात. उरलेली अर्धी भिंतच देते, आणि तीही दोनचार पावसाळे गेल्यावर. ‘हरित’ असे प्रमाणपत्र दारावर लावणे सोपे आहे. त्या दाराआड राहून दाखविणे, हीच खरी परीक्षा होय. आणि ती देण्याची पहिली जबाबदारी, जेथे बांधकाम शिकविले जाते त्या आवारांची आहे.