घर एक, पासवर्ड अनेक

"घरचंच विकी, घरचीच माणसं, मग सगळ्यांना एकच पासवर्ड का नको?" मंडळी, हा प्रश्न आता पुरे!

अंजनवेलच्या आमच्या छोट्याशा विकीवर गोपाळगडाचं पान आहे. ज्या गडाच्या मालकीवरून इतके वाद झाले, त्याच्या पानावरचं वाक्य कुणी बदललं हे कळायलाच हवं. पानाचा 'इतिहास' त्यासाठीच असतो. सगळेच एका नावाने शिरले, तर तो इतिहास म्हणजे अख्ख्या भावकीने एकच अंगठा उठवलेला कागद!

दुसरं टोकही वाईटच. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा, की काका तो कालनिर्णयवर लिहिणार. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेनेही २०१७ साली सांगितलं, की ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको. प्रत्येकाचं वेगळं खातं, लांब पण लक्षात राहील असा पासवर्ड, आणि सर्व्हरवर मूळ शब्द नाही, फक्त त्याचा हॅश. बस्स.

म्हणून "माझा पासवर्ड काय होता रे?" असं मला विचारू नका. तो मलाही दिसत नाही, दिसताही कामा नये. नवा जरूर करून देईन, पण मी स्वतः फोन करून खात्री केल्यावरच. राग आला तरी चालेल.